पंचमाची खुंटी

रविवार, ७ सप्टेंबर

सकाळी आईंच्या तंबोऱ्याची खुंटी तुटली. मी स्वयंपाकघरात होते. आधी कट् असा आवाज आला, मग तार सुटल्याचा. बाहेर आले तर सासूबाई खुंटीचं तुटलेलं डोकं मुठीत धरून बसलेल्या. पंचमाची, म्हणजे चार तारांतल्या पहिल्या तारेची खुंटी.

"जास्त पिळलीस का?" माझ्या नवऱ्याने, केयूरने, विचारलं.

"पन्नास वर्षं पिळतेय. किती पिळायची ते आता तू शिकव मला."

मिरजेहून वर्षातून एकदा येणारे कारागीर हल्ली येत नाहीत. केयूर दुपारी पुण्यातून तयार खुंटी घेऊन आला, ती भोकात डगडगते. खुंटी गाजरासारखी निमुळती असते आणि भोकही तसंच. दोघांचा उतार एकसारखा नसेल तर ती धरत नाही. हे बघून मी बोलून गेले, "मी करून आणते."

का बोलले कोण जाणे. चाकणच्या कंपनीत अठरा वर्षं मी इतरांनी केलेले भाग मोजते आणि त्यात खोट काढते. स्वतः कधी काही केलेलं नाही. शिवाय सुरातलं मला शून्य कळतं. तंबोरा लागलेला आणि न लागलेला, मला दोन्ही सारखेच. आई हे जाणतात. तरी म्हणाल्या, "कर. पण नीट कर. सोळा नोव्हेंबरला करिष्माचं गाणं आहे, आणि तंबोरा मी स्वतः लावणार आहे. त्या दिवशी तो लागला नाही तर मी क्लास बंद करीन."

करिष्मा ही आईंच्या गाण्याच्या क्लासमधली शिष्या. केयूर हसला. आई हसल्या नाहीत.

शनिवार, १३ सप्टेंबर

भोसरीला गेले होते. करिष्माचे वडील नवनाथभाऊ यांचं तिथे लेथचं छोटं वर्कशॉप आहे. लातूरकडचे. आयुष्यभर लोखंड आणि पितळ कापलेलं. मी भोकाचं माप आणि जुन्या पलंगाचा शिसवी पाय पुढे ठेवला.

"मॅडम, आमी लोखंडाची माणसं. ह्याचा भुसा अंगावर घिऊन घरी गेलो तर बायको म्हणल, धंदा बदलला का काय."

"जमेल ना पण?"

"जमवू की. बाईंचं काम हाय. माझी पोरगी आदी कुणी इचारलं तर नुसती मान हलवायची. आता मला म्हणती, पप्पा, वरच्या पट्टीत बोलू नका."

पहिले दोन तुकडे चिरफळले. तिसरा उतरला. हातात घेतला तर गरम होता. मी मायक्रोमीटर लावला तेव्हा नवनाथभाऊ हात पुसत बघत होते. "पास का फेल?" म्हणाले. पास.

रविवार, १४ सप्टेंबर

खुंटी बसवली. खडूची पूड लावून आईंनी ती फिरवून पाहिली. "हाताला जरा गुळगुळीत लागतेय. पण बघू."

मी पेन्सिलने एक रेघ मारली, अर्धी खुंटीवर, अर्धी दांडीवर. सकाळी आईंनी तंबोरा लावला की मी रेघ मारणार, चाकणहून परत आले की पाहणार. खुंटी जागची हलली तर रेघ तुटलेली दिसेल. फोनवर सूर मोजणारं काहीतरी असतं म्हणे. पण गाण्याच्या खोलीत फोन न्यायचा नाही हा आईंचा नियम, आणि मी तो मोडणार नाही. सुरापुरता आईंचा कान हाच घरातला मास्टर गेज, म्हणजे शेवटचं प्रमाण. मी फक्त लाकूड मोजते.

गुरुवार, १८ सप्टेंबर

रेघ तुटली. काल तुटली तेव्हा वाटलं, नवी खुंटी आहे, बसते आहे. आज परत. सकाळी आईंनी तार छेडली आणि कपाळाला आठी घातली. "पंचम चढलाय." त्यांनी खुंटी थोडी सैल केली, मी नवी रेघ मारली आणि बस पकडली. संध्याकाळी पाहिलं तर खुंटीवरची रेघ पुन्हा घट्ट बाजूला सरकलेली, ज्वारीच्या दाण्याएवढी.

शिसवीत तेल असतं, ते सरकत असावं. हवा दमट आहे, लाकूड फुगत असेल. फुगून फिरेल का? कळत नाही. पण नोंद खरी आहे. रेघ मी स्वतः मारली होती.

रविवार, २१ सप्टेंबर

करिष्माला सांगितलं की वडिलांना निरोप दे, शिसवी रिजेक्ट. तिचा चेहरा उतरला. "काकू, चांगली होती हो ती खुंटी." बापाच्या कामाचा अभिमान, दुसरं काय. मला तिचं कौतुक वाटलं.

गुणी मुलगी आहे. क्लास सहाचा, पण ही पाचलाच येते, थेरगावहून चिंचवडला, बसने. आईंचा तेव्हा चहा चालू असतो. ही एकटी खोलीत जाऊन झाडते, सतरंजी घालते, तंबोऱ्याची गवसणी काढते. आई तिला नेहमी डाव्या हाताला बसवतात. बाकीच्या मुली म्हणतात, बाईंची लाडकी.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी. नवनाथभाऊंचा लेथ झेंडूत बुडालेला, म्हणून काम नाही. पण त्यांनी बाभळीची खुंटी कालच करून ठेवली होती आणि ती पूजेत हातोडी-पान्यांच्या रांगेत मांडली होती. गावाकडच्या जुन्या वखराचं लाकूड. हातातल्या हातात वजन कळतं.

"ही बी रिजेक्ट झाली तर मी लेथच इकतो," म्हणाले.

घरी आले तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि आई शेजारच्या खोलीत पेपर वाचत होत्या. डाळीचा पार लगदा. आई म्हणाल्या, "लक्ष नव्हतं माझं." त्यांच्या डोक्यात सध्या गाण्याखेरीज काही नाही. मी मुद्दाम विषय वाढवला नाही.

रविवार, ५ ऑक्टोबर

बाभळीचीही रेघ तुटली. घट्ट बाजूलाच.

आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खुंटी चाचपून पाहिली. मग तंबोऱ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अनुया, खुंटीच आहे ना गं?" 

मी म्हटलं, "खुंटीच आहे, आई. रेघच सांगते की."

"मग बरं," म्हणाल्या. त्यांना इतकं बरं का वाटावं? पण वाटलेलं दिसलं. दुपारी खूप दिवसांनी त्यांनी साटोऱ्या केल्या.

मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मलाही हे आवडायला लागलं आहे. वीस वर्षांत आईंनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता सकाळी तंबोरा लागला की हाक येते, "अनुया, तुझी रेघ." पण खुंटी जमली की हे संपेल, म्हणून मी लाकडांत जास्तच खोट काढते आहे का? तपासून पाहिलं. नाही. रेघ खरोखर तुटते.

शनिवार, १८ ऑक्टोबर

तिसरं लाकूड चिंचेचं. नवनाथभाऊंच्या आईची कपडे धुवायची मोगरी. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेली, मग माळ्यावर वाळलेली. आतला गाभा काळपट जांभळा निघाला.

"आई म्हणली, ने. वॉशिंग मशीन आल्यापासनं ती फकस्त कुत्र्यावर उगारायला होती."

रेषा सरळ, गाठ नाही, चीर नाही. मला वाटतं हीच.

नवनाथभाऊ दारापर्यंत सोडायला आले. निघताना म्हणाले, "मॅडम, एक इचारू? करिष्मा म्हणती पयलीच खुंटी बराबर होती. तुमी मोजता त्यात काय फरक..."

मी त्यांना रेघेची पद्धत समजावून सांगितली. ते मान डोलवत राहिले. पटलं असावं.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळीत क्लासला सुट्टी होती. चिंचेची खुंटी बसवून आठवडा झाला आणि रेघ एकदाही तुटली नाही. केसभरसुद्धा नाही. लाडू वळताना मी आईंना दोनदा सांगितलं. "हाताला पण ही चांगली आहे," आई म्हणाल्या. "ही बोलते. कुठं थांबायचं ते बोटांना कळतं."

केयूर म्हणाला, "चिंचवडकरांना चिंचच लाभणार." टीव्ही इतका मोठा होता की त्याला हा विनोद दोनदा करावा लागला.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

काल क्लास सुरू झाला. आज रेघ तुटली. घट्ट बाजूला.

रडू आलं, आणि एका खुंटीसाठी रडू यावं याची लाज वाटली. तिन्ही लाकडं, तिन्ही एकाच दिशेला. हवा तर आता कोरडी झाली आहे. कार्यक्रमाला तीन आठवडेही उरले नाहीत. आईंना सांगितलं नाही. त्यांना काय सांगणार, चौथं लाकूड शोधते म्हणून?

बुधवार, २९ ऑक्टोबर

आज कंपनीत एका सप्लायरचा टेस्ट रिपोर्ट आला. बोल्ट ठरावीक जोराने आवळायचा, तासभर थरथरणाऱ्या टेबलावर ठेवायचा, मग किती सैल झाला ते पाहायचं. यांच्या रिपोर्टात बोल्ट थरथरल्यावर आणखी घट्ट झालेला. मी त्यांच्या माणसाला फोनवर सुनावलं, "अहो, हलवलेला बोल्ट सैल होतो. घट्ट होत नाही. आकडा वर गेला म्हणजे मध्ये कुणीतरी पाना लावलाय."

फोन ठेवला आणि मला खुंटीवरची रेघ आठवली.

तार खुंटीला ओढत असते. खुंटी निसटली तर तार सैलच होणार. कोणत्याही लाकडाची खुंटी आपली आपण घट्ट बाजूला जात नाही. रेघ घट्ट बाजूला सरकते हे मी पहिल्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं, रोज लिहीत होते, आणि रोज लाकडाला दोष देत होते.

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली होती. करिष्मा पाचला येते हे मला तिथे आठवलं.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

अर्धा दिवस रजा टाकली. करिष्माला बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच गाठलं.

"तंबोरा तू लावतेस?"

तिने नाही म्हटलं नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "काकू, गणपतीच्या आधीपासून बाईंचा पंचम उतरतोय. जरासाच. बाकीच्या पोरींना कळत नाही. मला गाताच येत नाही त्याच्यावर."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? त्याच म्हणतात, कानावर विश्वास ठेव. कुणाच्या ठेवू, माझ्या का त्यांच्या?" मग म्हणाली, "तुम्ही खुंट्या करायला लागलात तेव्हा मला बरंच वाटलं. खुंटीवर गेलं सगळं. पप्पांचं वाईट वाटत होतं फक्त. काकू, बाईंना सांगू नका ना. त्या दिवशी स्टेजवर त्या लावतील, मग मी पडद्यामागे एकदा हात फिरवीन. कुणाला कळणार नाही."

वर जाईपर्यंत एकेक आठवत गेलं. कुकर. टीव्ही. फोन उजव्या हातात, पण नेहमी डाव्या कानाला. करिष्मा डाव्या हाताला. आणि तो प्रश्न, "खुंटीच आहे ना गं?" मी छातीठोकपणे सांगितलं होतं, खुंटीच आहे.

शनिवार, १ नोव्हेंबर

दोन दिवस ठरत नाही. न सांगितलं तर गाणं पार पडेल, आईंचा मान राहील. पण मग रोज एक मुलगी त्यांच्या मागे येऊन त्यांनी लावलेला सूर बदलणार आणि मी ते माहीत असून रेघ मारणार. सांगितलं तर त्या क्लास बंद करतील. आईंचं दुसरं काय आहे?

केयूरला विचारलं. "तू नको, मी सांगतो," म्हणाला, आणि दिवसभर आईंच्या खोलीकडे फिरकला नाही.

रविवार, २ नोव्हेंबर

दुपारी मीच सांगितलं. आईंच्या डावीकडे बसून. खुंटी वर चढू शकत नाही इथपासून सुरुवात केली. पुढचं त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"कोण? करिष्मा?"

"हो."

"किती दिवस?"

"गणपतीच्या आधीपासून."

आई बराच वेळ गवसणीची नाडी सोडत आणि बांधत होत्या. "उजवा कान भरल्यासारखा वाटतो हे मला माहीत होतं. पण सूर गेला असेल असं वाटलं नाही. तू म्हणालीस खुंटी, म्हणून मी तेच धरून बसले."

"चुकलं माझं, आई."

"तुझं काय चुकलं. तू लाकूड बघत होतीस." मग म्हणाल्या, "सगळ्यांना कळव, उद्यापासून क्लास नाही."

बुधवार, ५ नोव्हेंबर

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उजवा बराच गेला आहे, डावाही थोडा. यंत्राने बोलणं नीट ऐकू येईल. गाण्याचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सवय करावी लागेल, आणि पूर्वीसारखं असेल असं मी सांगणार नाही. त्यांचा स्पष्टपणा आईंना आवडला.

संध्याकाळी नवनाथभाऊंचा फोन. "मॅडम, पोरगी तीन दिस नीट जेवली न्हाई. काय झालं ते बी सांगंना. माझ्या खुंटीचं काय चुकलं का?"

काहीही चुकलं नव्हतं, पहिलीचंसुद्धा, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग मॅडम, तिला काऊन रडू येतंय?"

मी खरं बोलले म्हणून हे झालं. खरं बोलायची ही वेळ होती का, हे मला अजून सांगता येत नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आईंनी करिष्माला बोलावून घेतलं. मी चहा घेऊन गेले आणि दारातच थांबले.

"माझा कान गेला याचा मला राग नाही," आई म्हणत होत्या. "वय आहे. तुला ऐकू आलं आणि तू बोलली नाहीस, याचा आहे. तुला बारा वर्षं काय शिकवलं मी? सूर उतरला तर काय करायचं?"

"सांगायचं."

"कुणाला?"

"ज्याचा उतरला त्याला."

"मग?"

"तुम्हाला कसं सांगणार, बाई?"

"तोंडाने. 'उतरलाय, बाई.' एवढंच. गुपचूप दुरुस्त करतेस म्हणजे मी आता दुरुस्त होण्यासारखी उरले नाही, असं ठरवलंस ना?"

करिष्मा रडायला लागली. आईंनी रडू दिलं. मग मला हाक मारली, "चहा गार करतेस का तिथे उभी राहून? आणि त्या तिन्ही खुंट्या आण."

मी आणल्या. माझ्याजवळ आता कुठल्याच लाकडाविरुद्ध काही पुरावा नव्हता, आणि कुठल्याच्या बाजूनेही नव्हता. आईंनी एकेक बसवून, तार चढवून, फिरवून पाहिली. शिसवी निसटती, बोटांना थांगच लागत नाही, म्हणाल्या. बाभूळ धरते, पण झटक्याने सुटते. चिंचेवर त्या सावकाश थांबल्या.

"ही ठेवा. ऐकू येत नाही तिथे हाताला तरी कळलं पाहिजे."

मग तिला म्हणाल्या, "मी लावते. तू ऐक आणि बोल."

रविवार, १६ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. चिंचवड गावातलं छोटं सभागृह, पण भरलं होतं. नवनाथभाऊ पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत, सगळ्या नातेवाइकांसकट. मला पाहून त्यांनी तंबोऱ्याकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच्या छातीकडे.

पडदा उघडा होता. आतून लावून आणू या, असं आयोजक म्हणाले होते. आई म्हणाल्या, नको, लोकांसमोरच लावते. त्या बसल्या, तंबोरा मांडीवर उभा केला. करिष्मा त्यांच्या डावीकडे. कानात अजून यंत्र नाही, ते पुढच्या आठवड्यात मिळेल. आईंनी मधल्या दोन तारांची जोड लावली, शेवटचा खर्ज लावला. मग पंचमाच्या खुंटीवर हात गेला. त्यांनी तार छेडली, ऐकली, आणि हात काढून घेतला. त्यांच्या मते लागला होता.

समोर माईक चालू होता. करिष्माने एकदा खाली पाहिलं, एकदा आईंकडे. मी खुर्चीची कड धरून ठेवली होती. ती बोलली नाही तर आई परत कधी शिकवणार नाहीत हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं.

"उतरलाय, बाई," करिष्मा म्हणाली. सगळ्यांना ऐकू गेलं. मागे कुणीतरी हसलंही.

आईंनी मान हलवली आणि खुंटी फिरवली.

"अजून."

परत फिरवली.

"अजून थोडा. थोडा. हां. बास."

आई थांबल्या. तार छेडत राहिल्या. करिष्माने डोळे मिटले आणि षड्ज लावला. मला सुरातलं कळत नाही, पण आईंनी खुंटीवरचा हात काढला आणि करिष्माच्या पाठीवर ठेवला, तो गाणं सुरू झाल्यावरही काही वेळ तिथेच होता.

निघताना रिक्षात आई म्हणाल्या, "क्लास उद्यापासून. सगळ्यांना कळव." मग म्हणाल्या, "जरा मोठ्याने कळव."